दोरे कापल्यानंतर

आर्डिस हाउगेन आमच्या कम्युनिटी कॉलेजात रुग्णसेविकांचा वर्ग घ्यायच्या. मी शेजारच्या खोलीत शरीरशास्त्र शिकवत असे. मांसाच्या कारखान्यात राबून कंटाळलेल्या बायका, घटस्फोटानंतर पुन्हा पाटी हातात घेतलेल्या, नुकतीच शाळा संपवलेल्या मुली, सगळ्या बाईंच्या हाताखालून जायच्या आणि गावातल्या वृद्धाश्रमात कामाला लागायच्या. बाईंची शिस्त कडक. आजाऱ्याच्या मनगटावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. ओल धरते, कातडी सडते. हे त्या पहिल्याच आठवड्यात घोकून घ्यायच्या.

एका हिवाळ्यात चाँग लोर नावाचे म्हातारे वृद्धाश्रमात अखेरचे दिवस मोजत होते. लाओसच्या डोंगरातून आलेले, हमोंग जमातीचे. घरच्यांनी येऊन विधी केला. माणसात अनेक आत्मे असतात असं ते मानतात; भरकटू पाहणारे आत्मे देहाशी राहावेत म्हणून म्हाताऱ्यांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. दुसऱ्या दिवशी बाईंची विद्यार्थिनी ब्रिटा त्यांचं अंग पुसून घेत होती. दोरे भिजले. तिनं ते कात्रीनं कापले आणि कचऱ्यात टाकले. पोरीनं शिकवलं तेच केलं होतं. त्याच आठवड्यात म्हातारे गेले.

ब्रिटानं ते काम सोडलं. बाई मात्र म्हाताऱ्यांच्या मुलीकडे, युआकडे, माफी मागायला गेल्या. युआ दारातच उभी राहिली.

"दोरा कापला म्हणून बाबा गेले असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते जाणारच होते. पण आता पूर्वजांकडे पोचले की वाट चुकले, हे कुणाला विचारू?"

बाई एवढंच म्हणाल्या, की माझ्या वर्गात येऊन हे मुलींना सांगशील का.

"माझ्या बापाचं मरण फळ्यावर लिहायचंय होय तुम्हाला?" युआनं विचारलं आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर बाईंनी शिकवणंच बदललं. आधी विचारा, मग हात लावा, असं त्या सांगू लागल्या. गावात कुठकुठून माणसं येऊन राहिली होती. बाई त्यांच्या घरी जायच्या, दुकानांत गाठायच्या, वर्गात बोलवायच्या. कुणी यायचं, कुणी नाही.

पुढच्या शरदात युआनंच बाईंच्या वर्गात नाव घातलं. बरेच दिवस मागच्या रांगेत गप्प बसून असायची. आंघोळीचा धडा आला त्या दिवशी ती आपणहून उठली आणि वडिलांचं सगळं सांगितलं. रडली नाही. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग सोमालियाची फादुमो म्हणाली, आमच्यात बाई वारली की तिला बायकांनीच धुवायचं असतं. ग्वाटेमालाची एल्विरा म्हणाली, आमच्यात मरणाऱ्याजवळ दिवा जळता ठेवतात, माझ्या आईला अंधाऱ्या खोलीत ठेवाल तर याद राखा.

"आणि बाई, तुमच्यात काय करतात?" फादुमोनं विचारलं.

"आमच्यात? चर्चच्या तळघरात कॉफी, सँडविच, आणि यंदा थंडी किती पडली त्याच्या गप्पा."

वर्ग खूप हसला. बाईही हसल्या. गाडीपर्यंत आम्ही बरोबर गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हा मी खोलीबाहेर उभी होते गं. आत जाऊन काय करायचं असतं, तेच ठाऊक नव्हतं. आणि मी लोकांना शिकवते."

मग नवे डीन आले. माणूस सभ्य. त्यांचं म्हणणं, सरकारी परीक्षेत यातलं काही येत नाही, वर्ग आटोपशीर करा.

"परीक्षेत येत नाही, पण मरताना येतं," बाई म्हणाल्या.

आपल्याला ते पटतं, असं डीन म्हणाले आणि तास कापले. त्या उन्हाळ्यात बाईंनी नोकरी सोडली. नंतर दोन वर्षांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि त्या त्याच वृद्धाश्रमात येऊन पडल्या.

नव्या मुली घाईत असायच्या. बाईंच्या अंगावरून एकमेकींशी बोलत चादर बदलायच्या. एकदा बाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "मी इथे आहे, हे कळवू का कुणाला?" मुली ओशाळल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

युआ आता तिथेच कामाला होती. एका दुपारी तिनं बाईंना सरळ विचारलं, की शेवटी तुम्हाला काय हवंय.

"कुणीतरी जवळ बसावं," बाई म्हणाल्या. "बाकी मला काही माहीत नाही."

बाईंचा मुलगा कर्ट अलास्कात, मासेमारीच्या बोटींवर. निघाला, पण बर्फानं विमानं अडली. युआ दोन दिवस जमेल तेव्हा येऊन बसत होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीत एका म्हाताऱ्याला ठसका लागला. हाताशी दुसरं कुणी नव्हतं. ती धावली. परत आली तोवर बाई गेल्या होत्या.

कर्ट संध्याकाळी पोचला. मी तिथेच होते. त्यानं विचारलं, "आईजवळ कुणी होतं ना?"

"नव्हतं," युआ म्हणाली. "मी बाजूच्या खोलीत गेले होते."

कर्ट भिंतीला टेकून उभा राहिला. टोपी काढायचंही भान नव्हतं. मग म्हणाला, "मी आता काय करायचं असतं?"

युआनं कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल आणला. त्याच्या हाताला धरून त्याला पलंगाशी नेलं. दोरखंड ओढून राठ झालेल्या हातांनी तो आईचा चेहरा पुसू लागला, पाणी उशीवर सांडत होतं.

"हळू," ती म्हणाली. "कपाळापासून. घाई नाही."