मेंढ्यानं अंग झाडलं नाय

राजा कशाच्या जोरावर राजा असतो, हे मला पुस्तकानं शिकवलं नाय. माझी शाळा दुसरीतच सुटली अन् त्याचं मला वाईटही वाटत नाय. आमच्या घरात राज्यच होतं. हसायचं कारण नाय. सात-आठ बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, एवढंच. पण कन्नडच्या घाटापासून गोदावरीपर्यंत त्यांनी कुठून चालायचं, कुणाच्या रानात मेंढरं खतासाठी बसवायची, भांडणात माघार कुणी घ्यायची, हे माझा बा ठरवायचा. आमच्यात असल्या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. वाड्याची एक काठी असते. ती ज्याच्या हातात, शब्द त्याचा.

ती बाच्याच हातात का, याचं उत्तर आमच्याकडं तयार होतं. आमच्या मूळ पुरुषाला देवानं स्वतःच्या घोंगडीवर बसवलं, म्हणून त्याच्या वंशाकडं काठी. कुणाला शंका राहू नये म्हणून दर दसऱ्याला कौल लागायचा. देवापुढं काठी ठेवायची, मेंढा उभा करायचा अन् त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. मेंढ्यानं अंग झाडलं की देव व्हय म्हणाला. मग बा काठी उचलायचा. मेंढा कधी चुकला नाय. पहाटेचं विहिरीचं गार पाणी, मी असतो तर मी पण झाडलं असतं. पण हे आता सुचतं. तवा मी हात जोडून, श्वास धरून बघायचो.

बा घोंगड्या विकायला औरंगाबादच्या बाजारात, गुलमंडीत जायचा. तिथला एक कापडवाला त्याला सांगायचा की हैदराबादच्या तख्तावर निजामाला वरूनच बसवलंय, तो म्हणजे जमिनीवरची अल्लाची सावली. बाला ते लगेच पटायचं, कारण आपलंही तसंच होतं. दौलताबादच्या किल्ल्याखालून मेंढरं नेताना तो काठीनं वर दाखवायचा. इथं यादव बसले, मग सुलतान, मग मोगल, मग निजाम. सगळे एकच सांगत आले, मला देवानं बसवलं. मग एकदा फौज आली अन् बघता बघता निजामाचं राज्य संपलं. त्या दिवशी बा भाकर पुढ्यात घेऊन नुसता बसला होता. आईला म्हणाला, "त्याला वरून बसवलं होतं ना? मग उठवलं कुणी?" आईनं चुलीत फुंकर मारली. बा भ्यालेला मी पहिल्यांदा बघितला. मी पोर होतो, पण ती भीती मला लागली, ती तापासारखी अंगातच राहिली.

बा गेला दुष्काळात, ऐन वैशाखात. खडी फोडायची कामं निघाली होती, लोक रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होते. आम्ही औरंगाबादच्या बाहेर एका माळावर उतरलो होतो. दरसालची जागा. त्या साली मात्र माळभर चुन्याच्या रेघा मारलेल्या. प्लॉट पडले होते. राखणदार आला अन् म्हणाला, "चचा, कल सुबह तक खाली करो." मी त्याच्याहून लहान होतो, तरी चचा.

निघायचं तर कुठं? माघारी घाटाकडं, का पैठणच्या अंगाला नदीवर? चुकलं तर मेंढरं वाटेत पडणार. अन् सांगायचं कुणी? बा गेल्यापासून काठी देवापुढं पडून होती. चुलता म्हणाला, दसऱ्याची वाट कोण बघतो, कौल आजच लावा, नायतर मी वाडा हलू द्यायचा नाय. त्याच्या पोटात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्याचा सख्खा भाऊ जिवंत असताना पोराच्या हातात काठी कशाला, असं तो चिलीम ओढता ओढता चार जणांत बोलला होता.

काठी गेली तर मी कोण? जमीन नाय, अक्षर नाय. याच शहरात डोक्यावर खडीची पाटी घेऊन उभा राहिलो असतो अन् कुणी मला ओळखलं नसतं.

दिवस कलताना मेंढा उभा केला. पाणी टँकरचं, पिंपात दिवसभर तापलेलं. मी तांब्या ओतला. मेंढ्यानं डोळे मिटले अन् नाकावरून ओघळलेलं पाणी जीभ काढून चाटलं. अंग काही झाडलं नाय. माझेच गुडघे लटलटत होते. वाड्यात अंग झाडणारा मी एकटाच. दुसरा तांब्या ओतला. मेंढ्यानं तोंड वर करून तांब्याच धरायला बघितला. कुणीतरी हसलं. ते हसू अजून माझ्या कानातून गेलं नाय.

चुलता म्हणाला, "पुरं आता. पोरांना घोटभर नाय अन् मेंढ्याला आंघोळी."

तवा आत्या उठली. बाची थोरली बहीण, रांडाव झाल्यापासून आमच्याच वाड्यात असायची. बा सुद्धा तिच्यापुढं हळू बोलायचा. तिनं सरळ जाऊन काठी उचलली. बाईमाणसानं काठीला हात लावलेला कुणी बघितला नव्हता, त्यामुळं अडवावं कसं हेच कुणाला कळेना.

"देव बोलला," आत्या म्हणाली. "जीभ काढून बोलला. त्याला पाणी पायजे. जो पाण्यावर नेईल त्यानं ही धरावी." मग ती चुलत्यापुढं गेली. "धर. कुठं नेतोस ते सांग अन् हो पुढं."

चुलत्यानं घाटाकडं बघितलं, नदीकडं बघितलं, पागोटं सारखं केलं. "आक्का, माझे गुडघे काय चालायचे नायत."

"चिलमीपर्यंत तर बरे चालतात."

या वेळी कुणी हसलं नाय. तिनं काठी एकेकापुढं धरली. ज्याच्यापुढं जाईल तो खाली बघायचा. चुकीच्या वाटेवर मेंढरं पडली तर शिव्या कुणाला बसणार, ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी ती माझ्यापुढं आली. नको म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण चुलत्यासमोर नाय म्हणणं मला जमलं नसतं. मी काठी धरली.

"कुठं?" आत्यानं विचारलं.

"नदीवर."

"कशावरनं?"

"मी म्हणतो म्हणून."

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुझा बा निदान देवाचं नाव तरी घ्यायचा," म्हणाली अन् बिऱ्हाड आवरायला गेली.

पहाटे निघालो. आधी वाटत होतं काठी जाईल. आता ती हातात होती अन् भीती दुप्पट झाली. देव व्हय म्हणाला असता तर चूक त्याच्यावर ढकलता आली असती. मी चुन्याच्या रेघा ओलांडल्या, रस्ता ओलांडला, पण मागं वळून बघायची छाती होईना. मागं कुणी नसलं तर? बऱ्याच वेळानं चुलत्याचा आवाज आला, कुत्र्याला शिव्या घालत होता. तवा कुठं नीट श्वास घेतला.

वाटेत मेंढरं पडलीच. मला कुणी शिवी दिली नाय. नुसते बघायचे. शिव्या परवडल्या असत्या.

नदीत एक डोह शिल्लक होता, गढूळ, हिरवट. मेंढरं मला ढकलून पुढं पळाली, मागनं माणसं. मी काठावर बसलो. मला प्यायचं होतं, पण काठीवरची बोटं उघडेनात. आत्या पाणी घेऊन आली, तांब्या खाली ठेवला अन् माझं एकेक बोट सोडवत बसली.