साडू, लाटणं आणि बंदुकीचे दोन पाय

माझ्या साडूंइतका सखोल विचार करणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचा विचार अजून संपला नसल्यामुळे तो घराबाहेर पडलेला नाही. हे गृहस्थ जन्मभर पूल बांधत आले. आता निवृत्त होऊन एडिसनला घरी असतात, पण पुलाची सवय काही सुटलेली नाही. टोस्टर घ्यायचा तर आधी ब्रेडची जाडी मोजतात. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात कोथिंबीर घेताना दोन हातांत दोन जुड्या धरून, डोळे मिटून उभे राहतात आणि मागे रांग लागते. बायको मात्र पंधरा मिनिटांत पसंत केली होती. "तेव्हा माझ्याकडे डेटा कमी होता," असं ते सांगतात. माझी मेव्हणी, जिला मी ताई म्हणतो, "माझ्याकडेसुद्धा" एवढंच बोलून स्वयंपाकघरात जाते.

घरात उंदीर निघाला तर त्याला पिंजऱ्यातून पार्कात नेऊन सोडणारा, वर वाटेसाठी पोळीचा तुकडा देणारा हा माणूस बंदूक कशाला घेईल? घेतली ती लेकीमुळे. माझी ही भाची इथेच जन्मली, जर्सी सिटीत नर्स आहे. बापलेकीचं बोलणं हळूहळू "जेवलीस का" आणि "येस बाबा" एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. मग कधीतरी कळलं की तिला नेमबाजीचा नाद लागलाय. साडूंनी कॉलेजात एनसीसीत असताना पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या पाचांवर पन्नास वर्षं गप्पा मारल्या होत्या. त्यांनी रीतसर परवाना काढून एक लहानशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली, म्हणजे चाप ओढला की एक गोळी जाते आणि पुढची आपली आपण जागेवर येऊन बसते. तेव्हापासून दर रविवारी पोरगी येते, बाबांना गाडीत घालते आणि डोंगराकडच्या रेंजवर नेते. रेंजवर कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, तिथे कसलं बोलणं? पण जायला एक तास, यायला एक तास. त्या दोन तासांसाठी साडू उरलेला आठवडा काढत असत.

मे महिन्यात त्यांनी मला गराजमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हातात भरलेला कप धरून दाखवला. चहा बशीत सांडत होता. "डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. पण वाढत जाणार. हिला कळलंय, पोरीला बोलू नकोस. नेम गेला की रेंज गेली, आणि रेंज गेली की रविवार गेला. कळतंय ना तुला?" मला कळत होतं.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे बायपॉड. बंदुकीच्या पुढच्या बाजूला खालून पकडीनं दोन घडीचे पाय लावायचे, भार त्या पायांवर टाकायचा, हाताला काम कमी. सोपं आहे. मी असतो तर दहा मिनिटांत मागवला असता. साडूंनी चार महिने घेतले. पाय किती उंच, खाली रबर की अणकुचीदार टोकं, बंदूक दोन्ही बाजूंना किती कलते, सगळ्याचं एक्सेल. सात बायपॉड घरी आले, सहा परत गेले. बंदूक कपाटात कुलूपबंद, म्हणून चाचण्या ताईच्या लाटण्यावर. एकदा मी जेवायला गेलो तर भरल्या वांग्यांबरोबर पानात ब्रेड. पोळ्या का नाहीत म्हणून विचारलं, तर ताईनं नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे लाटणं दोन पायांवर उभं होतं आणि त्याला पाच पौंड कणकेची पिशवी लटकत होती. "अठ्ठेचाळीस तासांची टेस्ट आहे," साडू म्हणाले. त्या लाटण्यावर पकडीचे दोन वण कायमचे राहिलेत. ताईच्या पोळीवर ते अजून उमटतात.

शेवटी एक पसंत पडला. स्क्रू किती घट्ट आवळायचा ते मोजणारं हत्यार आणून, चष्म्यावर चष्मा लावून त्यांनी तो बसवला. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण दुसऱ्या दिवशी आली खंडेनवमी. रायफल पुजायची ठरली. बायपॉड हे स्वतंत्र उपकरण आहे, त्याला वेगळा मान हवा, म्हणून तो काढला. खोबरेलात कालवलेलं हळदकुंकू पकडीच्या आतल्या अंगाला लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडून पुन्हा बसवला. बंदुकीवर पंचामृत घालायला निघाले तेव्हा मात्र मी भांडलो.

त्या रविवारी मीही मागच्या सीटवर होतो. साडू बाकावर बसले, बायपॉड टेकवला, श्वास रोखला आणि चाप ओढला. तेलकट पकड घसरली, बंदुकीनं मान वळवली आणि गोळी शेजारच्या टार्गेटच्या ऐन मध्यात. शेजारचा दाढीवाला शांतपणे म्हणाला, "नाइस शॉट, सर. पण ते माझं आहे." रेंजवरच्या अधिकाऱ्यानं सगळ्यांना थांबवलं, बंदूक रिकामी करायला लावली आणि साडूंची लाल बोटं पाहून घाबरला. "आर यू ब्लीडिंग?" साडू ताठ उभे राहिले. "नो ऑफिसर. धिस इज नॉट ब्लड. धिस इज रिस्पेक्ट." मग त्याला पाच मिनिटं खंडेनवमी समजावली. त्या बिचाऱ्यानं ऐकून घेतली.

पकड पुसून पुन्हा आवळायला साडूंनी स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेत बसेना. एकदा, दोनदा, चारदा. मी छताकडे बघत राहिलो. भाचीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्क्रू आवळता आवळता, वर न बघता म्हणाली, "बाबा, आय नो. मी नर्स आहे ना. दर वीकला टार्गेटवर तुमची भोकं लांब लांब जातात. मला मेपासून माहीत आहे."

साडूंनी बंदूक पेटीत ठेवली. आम्ही गाडीत बसलो. मागून मला फक्त त्या दोघांचे खांदे दिसत होते आणि बोलणं काही थांबत नव्हतं.

आता हात फार हलतो. कप अर्धाच भरतात. रविवार चालू आहे. नेम आता तीच धरते आणि साडू दुर्बिणीतून तिच्या गोळ्या मोजतात असं मी धरून चाललो होतो. परवा सहज विचारलं, गेल्या रविवारी पोरीचा नेम कसा होता?

"गेल्या रविवारी?" त्यांनी नेहमीसारखा बराच विचार केला. "अरे, बंदूक घरीच राहिली होती. रेंजच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं."

"मग?"

"मग काय. गाडी वळवली, बोलत बोलत परत आलो."