‘गौरीचं लिहा’ म्हणणारे डॉक्टर

गुरांचे डॉक्टर राजन्ना यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामावर जाणकार मंडळी या गौरवग्रंथात लिहितीलच. मी मॅट्रिक झालेली गृहिणी, मला आमच्या गोठ्यापुरतंच ठाऊक.

१९८० नंतरच्या एका उन्हाळ्यात ते प्रथम गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावी आले. आमची गौरी माजावर होती आणि गावात धड वळू उरला नव्हता. त्यांनी वळूचं गोठवलेलं बीज ठेवलेल्या डब्याचं झाकण काढताच पांढरी वाफ निघाली.

सासूबाई म्हणाल्या, “बापाबिगर वासरू? त्या दुधाचा नैवेद्य देवाले चालते काय?”

“बाप आहे अम्मा, फक्त लांब आहे,” डॉक्टर तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले. “दोनशे वर्षांमागे इटलीत एका पाद्र्यांनी कुत्रीवर हे साधलं. तीन पिल्लं झाली. ते पण पूजा करणारेच.”

“कुत्रीवर? त्यायले दुसरं काम नव्हतं वाटते,” असं म्हणत सासूबाई गाय धरून उभ्या राहिल्या.

गौरी लहान चणीची, गावरान. बीज परदेशी जातीचं. वासरू पोटात फार मोठं झालं आणि विताना ती अडली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डॉक्टर गोठ्यात गुडघ्यांवर होते. वासरू मेलेलंच निघालं. मागोमाग गौरीही गेली.

“देवाची मर्जी,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली असती तरी आम्ही कोणी काही बोललो नसतो. ते म्हणाले, “नाही अम्मा. देवाचं नाही, माझं चुकलं. एवढ्या लहान गाईला हे बीज द्यायला नको होतं.” दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांनी तसंच लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून घरी आणून वाचून दाखवलं.

पुढे लहान गाईंना ते देशी वळूचंच बीज देत. मावला गावचे एक शेतकरी चिडले, “लोकायले मोठी जात, आमाले काऊन नाही?” डॉक्टरांनी त्यांना खाली बसवून गौरीची सगळी हकीकत सांगितली.

सासूबाईंनी त्यांना माफ केलं नाही. पण दुसरी गाय माजावर आली तेव्हा म्हणाल्या, “त्यायलेच बोलाव. खोटं नाही बोलत थो माणूस.”

या ग्रंथात लिहू का, म्हणून विचारायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, “गौरीचं लिहा. नाही तर नका लिहू.”

लिहिलं आहे. बासरच्या देवीपुढे त्यांच्यासाठी एवढंच मागते: गौरीचं ओझं ते खाली ठेवणार नाहीत; ते पेलायला त्यांना धडधाकट शरीर आणि पुष्कळ वर्षं दे.