शकुनाच्या फेरेटची झोपमोड

बालाजीने पिंजरा टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं, "डॉक्टर, इलाज असंल तर करा. न्हाई तर औशाच्या शेतात सोडून येतो."

सोबत त्याची आई, कलावतीमावशी. बोटाला पट्टी. त्या म्हणाल्या, "बोट माझं हाय. तुझं काय गेलं?"

पिंजऱ्यात फेरेट होता, बालाजीने हैदराबादहून आणलेला. मुंगसासारखा लांबुळका, पण जात वेगळी आणि पुरता माणसाळलेला. शेतात सोडला तर कुत्र्यांच्या तोंडी जाणार. बालाजीचा मला रागच आला.

मावशी चाव्याची इंजेक्शनं घेताहेत, याची आधी खात्री केली. मग फेरेट तपासला, कारण चावरेपणामागे पुष्कळदा दुखणं असतं. दात, कान, पोट, सगळं ठणठणीत. माझा हात त्याने नुसता हुंगला.

"चावतो कधी?"

"सकाळीच," बालाजी म्हणाला. मावशी पंख्याकडे बघू लागल्या.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. त्यांच्या वरच्या खोल्यांत क्लासेसची मुलं राहतात. लातूरमध्ये कुणाची ना कुणाची टेस्ट रोजच असते. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून मावशी सकाळी याला गोधडीतून ओढून काढायच्या आणि एकेका पोराला याचं तोंड दाखवायच्या. फेरेट दिवसाचा बराच वेळ गाढ झोपतो. दचकून उठला की चावणारच. वर बालाजी नाकावर टिचकी मारायचा, त्यामुळे तो आणखी बिथरला होता.

मी म्हणालो, "मावशी, हे मुंगूस नाही."

"पोरांला कुठं म्हाईत हाय?"

औषध काहीच दिलं नाही, एवढंच सांगितलं: झोपेतून उठवायचं नाही, आधी हाक मारून हात हुंगू द्यायचा, मारायचं नाही. चावला तर खेळ बंद करून गुपचूप पिंजऱ्यात ठेवायचं. बालाजीने महिनाभराची मुदत दिली, तीही तोंड वाकडं करून.

"पण पोरांच्या पेपराचं काय?" मावशींचा जीव तिथेच अडकलेला.

"संध्याकाळी जागा असताना फोटो काढा. सकाळी तोच दाखवा."

मुदत संपायच्या आत बालाजीचाच फोन आला. चावणं थांबलं होतं आणि फेरेट त्याच्या मांडीवर बसला होता. मला केवढं हायसं वाटलं. शेताचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

तेव्हापासून जनावर चावतं म्हटलं की मी आधी घरातल्यांची सकाळ तपासतो. मावशी रोज फेरेटचा फोटो स्टेटसला ठेवतात. अडलेल्या म्हशीसाठी बोलावणं आलं की निघण्याआधी मीही तो बघून घेतो. शास्त्रात बसत नाही, पण कुणाची झोपही मोडत नाही.