खारट का आंबट

"तोंड उघड," कारकून म्हणाला.

मी उघडलं. त्यानं काचेची कांडी भांड्यात बुडवली आन् हातभर वरून माह्या जिभेवर थेंब पाडला. कांडी मले लागली तर बाटेल, म्हणून वरून.

"खारट का आंबट?"

मले सांगताच नाही आलं. जीभ जळून राहिली होती. मी अंगणात पळाली, थुंकली, मूठभर माती तोंडात घातली. मागून त्याचा आवाज आला, "साहेब, खार जास्त झाला."

साहेबानं खिडकीतून माह्याकडं पाहलं आन् वहीत लिहिलं.

तवा अमरावतीत रुईले सोन्याचा भाव होता. गोरा साहेब रुई पाहाले आलेला, पण त्याचा जीव भलत्याच कामात. तेजाब, म्हंजे आंबट जाळतं पाणी, आन् खाराचं पाणी एकत्र केलं का ते तापते. किती तापते, हे त्याले मोजाचं होतं. लाकडाच्या पेटीत काचेचं भांडं, भोवती आपलीच वऱ्हाडची रुई ठासलेली. आतली गरमी बाहेर जाऊ नये म्हणून. दोन्ही शिशा सकाळपासून एकाच घंगाळात, सारख्या थंड व्हाव्या म्हणून. मंग ओताचं, ढवळाचं, नळीतला पारा कुठवर चढला ते वाचाचं. तेजाब आन् खार, दोघाइचा जोर बरोबरीनं मिटला का नाही, ते रंग बदलणाऱ्या कागदावर समजे. बरोबर मिटला का उरते नुसतं खारं पाणी. कागद मुंबईवरून येत. ते सरले. मंग माही जीभ.

भांडी मीच धुवो. मी महाराची. धुतलेल्या भांड्यावर कारकून आधी पाणी शिंपडे, मंग हात लावे. पण माह्या जिभेनं सांगितलेलं त्याले चाले.

जिभेची साल निघाली. भाकर पाण्यात कालवून गिळो. कामाले जातच राहिली.

एक दिवस दारात रुईचा दलाल आला. कारकून त्याच्याशी बोलता बोलता ओतून राहिला होता. खाराची शिशी त्यानं दोनदा ओतली. मी पाहलं.

"तोंड उघड."

"नाही. खार दोनदा ओतला तुमी."

दलाल हसला. कारकुनाचं तोंड लाल झालं. त्यानं पायातला जोडा काढला. पयला कानावर बसला. दुसरा तोंडावर, दात ओठात घुसला. तिसऱ्याच्या वक्ती मी त्याचं मनगट धरलं. तो ओरडला, "शिवलीस मला?" मी सोडलं नाही. दुसऱ्या हातानं पेटीतलं भांडं उचललं आन् त्याच्या तोंडाले लावलं.

"तुमी सांगा. खारट का आंबट?"

त्याच्या दाताखाली काच कचकन फुटली. तो खाली पडला. रक्त आन् फेस. दलाल पळाला.

साहेब धावत आला. आधी त्यानं पाऱ्याची नळी उचलून पाहली, फुटली तर नाही. मंग भिंतीवरचा चाबूक काढला. पाठीचं कातडं लुगड्याले चिकटलं. मी त्याच्या वहीकडं पाहत राहिली. कारकून ती साहेबाले वाचून दाखवे; माही जीभ जळली, हे त्यात एकदाही आलं नव्हतं.

संध्याकाळी माह्या नवऱ्यानं पाठीले तेल लावलं. म्हणाला, "त्याइचे पाय धर. काम राहील."

"नाही धरत."

"खाशील काय?"

"अकोल्याकडं रेल्वेचा भराव चालू हाय. माती वाहीन."

त्यानं तेलाची वाटी बाजूले ठेवली. मंग उठून गाठोडं बांधाले लागला.

भरावावरच्या बाया पाठ पाहून विचारत. मी लपवलं नाही. सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. एक म्हणाली, "बाई, पाप लागेल." मी म्हटलं, लागू दे.

जीभ आजही आंबट वळखत नाही. माफी मी मागितली नाही, मागणार नाही. जो आपली विद्या माह्या अंगावर करून पाहील, त्याले ती मी त्याच्याच अंगावर करून दाखवीन.