कानबाईच्या रविवारी दोघी झोपल्या

श्रावणातला रविवार, १९९५. हाताने पाट्यावर पुरण वाटत होते आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधलेली होती. झोळीत माझ्या जुळ्यांतली थोरली रडत होती. धाकटीची झोळी आतल्या खोलीत. तिथे माझ्या नणंदबाई तिच्या वरताण आवाजात अंगाई म्हणत होत्या. आमचं घर सुरतच्या उधन्यात, यंत्रमागाच्या कारखान्याच्या वर. खाली माग चालू असले की त्या खडखडाटात मुली निदान डुलकी तरी घेत. त्या दिवशी माग बंद होते, आणि संध्याकाळी घरी कानबाई, आम्हा खानदेशींची नारळातली देवी, बसायची होती.

या जुळ्या झाल्या तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. पाच महिने सलग झोप अशी नव्हतीच. एकदा दूध तापवताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि पदर पेटला. यांनी वेळेवर पाणी ओतलं म्हणून निभावलं. त्यानंतर ठरलं की धाकटीला नणंदबाईंनी नंदुरबारला न्यायचं, कायमचं. त्यांना मूल नव्हतं. "तुना भार हलका व्हई, मन्हं घर भराई जाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. सोमवारची गाडी ठरली. एकीला तरी नीट वाढवता येईल, अशी मी मनाची समजूत घातली. देवीचा नारळ पुसताना तिला विचारायचं मात्र टाळलं. तिने नको म्हटलं असतं तर मी काय करणार होते?

संध्याकाळी स्थापना झाली. गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला जमल्या आणि मुलींनी घर डोक्यावर घेतलं.

"वं बहिन, तुन्या पोरी गाना म्हनी ऱ्हायन्यात का भांडी ऱ्हायन्यात?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. मला रडू येत होतं.

बायकांत एक अनोळखी म्हातारी होती. ती उठली, सरळ आत गेली आणि धाकटीला घेऊन आली.

"येगयं कसाले ठेवस?" दोघींना वेगळं का ठेवतेस, असं तिने मला विचारलं.

"एकीच्या रडण्याने दुसरी उठते म्हणून."

"पोटमा तर संगेच व्हत्यात ना?"

तिने देवीपुढे गोधडी अंथरली आणि दोघींना समोरासमोर निजवलं. धाकटीने चाचपडत थोरलीचा कान धरला. थोरलीने एक हुंदका दिला आणि ती गप्प झाली. ढोलकी वाजत होती, बायका गात होत्या, आणि माझ्या मुली झोपल्या. म्हातारी आरतीनंतर निघून गेली. ती कोणाबरोबर आली होती, हे नंतर एकीलाही सांगता आलं नाही. मुली दिवसभर रडून दमल्या असतील, असंही म्हणता येईल. मी वाद घालत नाही. मी विचारलं नव्हतं, तरी मला उत्तर मिळालं होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

नणंदबाई बराच वेळ त्या कानावरच्या हाताकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "आते तो हात कोन सोडावी? मी तं नही."

रिकाम्या ओटीची बाई हे बोलली. त्या रात्री मी कानबाईला नमस्कार केला आणि मनातल्या मनात नणंदबाईंनाही. सगळं आपल्यालाच ओढायचं आहे असं धरून चाललं की माणूस पोटचं मूलही ओझ्यासारखं मोजू लागतं. जे झेपत नाही ते देवीच्या पायाशी ठेवावं. ते उचलायला ती कोणाला पाठवेल, ते तिचं तिने ठरवावं.

सोमवारी सकाळी तापीवर कानबाईला निरोप देऊन आलो. नणंदबाईंच्या पिशवीतली धाकटीची झबली मी काढून दोरीवर टाकली आणि त्यांना म्हटलं, "ताई, गाडी राहू द्या. दिवाळीपर्यंत इथेच राहा. दोघींना तुमच्याजवळ निजवा." त्यांनी दोघींना मांडीवर घेतलं. मी चटई पसरली आणि भरदिवसा, दार उघडं टाकून, झोपले.