खाऱ्या पाण्यातली कीड

आमच्या निरगुडसरच्या घरात टीव्हीशेजारी समुद्र आहे.

खरा समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही वऱ्हाडाच्या बसमधून. पण आमची प्राजू पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिनं फ्लॅटमध्ये ही खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली. आत रंगीत मासे, दगड आणि दगडांवर कोरल (मी त्याला फ्लॉवरचा गड्डा म्हणालो, तर दोन दिवस बोलली नाही). पुढं कंपनीनं तिला कॅनडाला धाडलं. जाताना टाकी टेम्पोत घालून इथं आणली आणि म्हणाली, "अण्णा, मी येईपर्यंत सांभाळा." जमीन खारवट होऊ नये म्हणून जन्मभर जीव काढणारा माणूस आता बादलीत मीठ कालवत बसतो.

लेक लांब गेली की बापाची पंचाईत होते. आईला लेकीशी बोलायला विषय लागत नाही. माझ्या हातात फोन आला की मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो. तुम्ही?" "जेवलो. आईला देतो." झालं, संपलं! मग मी टाकीपुढं जाऊन बसायचो. पोरीची आठवण यायची, लई यायची, पण ती माशांना सांगून काय उपयोग.

एकदा तिन्हीसांजेला लाईट गेली. मासे ठीक आहेत का बघावं म्हणून मी टाकीवर बॅटरी मारली, तर दगडाच्या फटीतून करंगळीएवढं काहीतरी गुलाबी, केसाळ वळवळत बाहेर आलं.

"सुमन, हिकडं ये. कीड पडली," मी बायकोला हाक मारली.

"कशाला?"

"समुद्राला."

ती पदर खोचत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गांडूळ हाय."

"गांडुळाला केस असत्यात का? केसाळ अळी हाय ती."

"आवं, अळी झाडावर असती."

"मग आत फ्लॉवर काय कमी हाय?"

आमच्याकडं अळी बघून गप बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे. लष्करी अळी, नागअळी, हुमणी, सगळ्या मी चालीवरून ओळखतो. ही मात्र ओळखीत बसेना. आणि कीड ओळखू आली नाही की एकच रीत, नमुना घ्यायचा आणि औषधाच्या दुकानात न्यायचा. मी बाह्या सारल्या आणि पाण्यात हात घातला. अळी सापडली, पण तिचे केस माझ्या बोटात राहिले. निवडुंगाची कुसं परवडली, अशी आग! सकाळपर्यंत बोट सुजून भरताच्या वांग्यागत झालं. सुमननं हळद लावली आणि वर म्हणाली, "गांडूळ चावत न्हाई, एवढं खरं."

अळी लोणच्याच्या बरणीत घालून मी दुकान गाठलं. दुकानदार संपत जुना ओळखीचा.

"पीक कंचं?" बरणी उजेडाला धरत त्यानं विचारलं.

"मासं."

"ठिबक का पाटपाणी?"

"सगळं पाण्यातच हाय."

"मग निचरा न्हाई तुमचा." त्यानं बरणी फिरवून फिरवून बघितली. "औषध टाकलं तर मासं बी जात्याल, भाऊ. चिकट सापळं लावा. ही उडती का?"

"अजून तरी उडाली न्हाई."

"लावून ठिवा. उडाली तर घावंल."

टोमॅटोच्या वावरात टांगतात तसे पिवळे चिकट सापळे मी टाकीवर ओळीनं टांगले. बरणीतली अळी मेली होती, पण टाकीत तिची भावंडं दिसत होती. आता पोरीला सांगणं भाग होतं. प्राजूला व्हिडिओ कॉल लावला, अळी दाखवायला फोन घेऊन वाकलो, आणि सापळा डोक्याला चिकटला. सोडवायला मान फिरवली, तर दुसरा मिशीला!

"अण्णा, ते काय आहे तोंडावर?"

"कीड नियंत्रण," मी म्हणालो.

पोरगी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुमन शेंगतेल लावून माझी मिशी सोडवत होती, जीव जात होता, पण मी तिलाच म्हणालो, "दमानं सोडव, घाई न्हाई." कॅनडाला गेल्यापासून प्राजू अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

मग ती गंभीर झाली. म्हणाली, या अळ्यांच्या दोन जाती असतात. एक गरीब असते, माशांचं उष्टं खाऊन राहते. दुसरी कोरल खाते. "दुसरी असली तर मी येईपर्यंत काहीच उरणार नाही, अण्णा." तिचं म्हणून या घरात आता तेवढंच तर होतं. ते संपलं तर ती परत कशासाठी येईल?

त्या दिवसापासून ती ऑफिसला जाण्याआधी रोज फोन करायला लागली. आणि माझ्याच फोनवर! तिची सकाळ, आमची संध्याकाळ. "अण्णा, बॅटरी तिरकी धरा. केस पांढरे आहेत का तांबडे?" मी सांगायचो, ती आणखी विचारायची. बोलता बोलता तिकडच्या बर्फावर यायची, स्वतःच्या हातच्या बिघडलेल्या आमटीवर यायची. एकदा हळूच म्हणाली, "इथं रविवारी फार एकटं वाटतं हो." एवढं ती आईलाही बोलली नव्हती. "आता माझ्याकडं द्या की," म्हणत सुमन हात पुढं करायची आणि मी म्हणायचो, "थांब, कामाचं बोलणं चाललंय."

शेवटी एका संध्याकाळी फोटो झकास आला. प्राजू ओरडलीच, "गरीब जात आहे! मित्रकीड, अण्णा! राहू द्या तिला. आता काही काळजी नाही."

खरंच काळजी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सुमनच्या फोनवर आला. माझ्या हातात आल्यावर मी विचारलं, "जेवलीस का?"

गेल्या चतुर्थीला आम्ही दोघं लेण्याद्रीला गेलो. रांगेत माझ्यापुढं एक टोमॅटोवाला हात जोडून पुटपुटत होता, "देवा, औंदा वावरातली कीड जाऊ दे." त्याच्या मागं उभा राहून मी डोळे मिटले आणि म्हणालो, "देवा, त्याची कीड माझ्या टाकीत धाड. फक्त वळखाया जरा अवघड असू दे."